बाराव्या मजल्यावरची खाडी

चहा घ्या आधी, मग सांगतो. हा किस्सा मी स्वतःहून कधी काढत नाही. पण तुम्ही मघापासून "ड्रोनचं काय झालं, ड्रोनचं काय झालं" म्हणून पिच्छाच पुरवलाय, तर ऐका. एकदाच सांगेन. आणि मध्ये हसायचं नाही. हसायचं असेल तर शेवटी हसा, तोवर माझा कप रिकामा झालेला असेल आणि मला उठून जाता येईल.

तर मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. गेली अकरा वर्षं. कसा झालो विचारू नका. त्या वर्षीच्या सभेत मी पाणी प्यायला उठलेलो, परत येऊन बसेपर्यंत सेक्रेटरी झालेलो. तेव्हापासून दर वर्षी सभेत मी राजीनामा देतो आणि सगळे टाळ्या वाजवतात. टाळ्या वाजवून झाल्या की पुढचा विषय घेतात.

डोंबिवली वेस्टला आमची बिल्डिंग. तळमजला अधिक तीन, सोळा घरं, लिफ्ट नाही. जिन्यातलं प्लास्टर कधी कुणाच्या डोक्यात पडेल याचा नेम नाही. अशी ही बिल्डिंग चार वर्षांपूर्वी रीडेव्हलपमेंटला निघालेली. निघाली ती निघालीच, पोचली कुठेच नाही. पंधरा घरांच्या सह्या झालेल्या. सोळावी सही अडलेली, आणि बिल्डर म्हणे, "सोळाच्या सोळा सह्या आणा, मगच बारा मजल्यांची नवी बिल्डिंग बांधायला घेतो."

ती सोळावी सही लिमये बाईंची.

बाई तिसऱ्या मजल्यावर, गच्चीच्या बरोबर खाली राहतात. दर वर्षी मी गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घेतो आणि दर पावसाळ्यात त्यांच्याकडे गळतं. वय ब्याऐंशी, एकट्याच असतात. जन्मभर शाळेत शिकवलं, त्यामुळे अख्खी बिल्डिंग त्यांना बाईच म्हणते. मी चोपन्न वर्षांचा घोडा, पण बाईंनी "विनायका" अशी हाक मारली की माझा शर्ट आपोआप पॅन्टमध्ये खोचला जातो. आता अशा बाईला कोण सांगणार, की सही करा नाहीतर कोर्टात जाऊ? कायद्याने जमलं असतं म्हणतात. आमच्याच्याने जमलं नसतं.

बाईंचं म्हणणं तसं साधं होतं. त्या इथे राहायला आल्या तेव्हा त्यांच्या गॅलरीतून खाडी दिसायची. संध्याकाळी बाई आणि त्यांचे मिस्टर, म्हणजे सर, दोघं खुर्च्या टाकून बसायचे. मग समोर एक बिल्डिंग आली. मग तिच्या मागे दुसरी आली. खाडी बोटभर उरली, मग तेवढीही गेली. पुढे सरही गेले.

"विनायका," बाई मला म्हणाल्या, "नव्या घरातून खाडी दिसणार असेल तर या क्षणी सही करते. दिसणार नसेल तर मी इथेच बरी. निदान कुठल्या दिशेला होती ते तरी मला इथून माहीत आहे."

मी बिल्डरचं ब्रोशर पुढे केलं. "बाई, हे बघा ना. बाराव्या मजल्यावर तुमचा फ्लॅट. इथे छापलंयच, गॅलरीतून खाडी."

बाईंनी चष्मा पुसून नीट बघितलं. "या चित्रात एक मुलगी पोहण्याच्या तलावाकाठी पडून पुस्तक वाचतेय. आपल्याकडे दिवसाआड पाणी येतं. हा कागद खरं बोलतोय असं वाटतं तुला?"

मला वाटत नव्हतं. मी गप खाली उतरायला लागलो. आणि तिथेच, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, माझ्या डोक्यात ती आयडिया आली. जिना उतरताना माणसाने जिन्याकडे बघावं हो. आयडिया कसल्या करता?

बारावा मजला अजून बांधलेला नाही, बरोबर? पण बाराव्या मजल्याएवढं वर जाऊन कुणी बघून आलं तर? ड्रोन! गच्चीवरून ड्रोन उडवायचा, बाराव्या मजल्याच्या उंचीवर थांबवायचा, आणि तिथून दिसणारी खाडी बाईंना फोनवर दाखवायची. खाडी दिसली की सही. चार वर्षांचं काम दहा मिनिटांत.

मी आमचे खजिनदार धुरी यांना सांगितलं. धुरी मूळचे मालवणचे. सोसायटीच्या पैशाचा विषय निघाला की त्यांना कमी ऐकू येतं. ते म्हणाले, "आयडिया झकास आसा. स्वतःचो घे. मी बघूक येतंय."

घेतला स्वतःचा. घरी आणल्यावर आमच्या मंगलने खोका उघडून बघितला आणि म्हणाली, "अहो, तुम्हाला मिक्सरचं भांडं अजून धड बसवता येत नाही."

"हा मिक्सर नाहीये."

"पाती तर चार दिसतायत," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

दुकानदाराने मला तीन गोष्टी सांगितलेल्या. एक, याचं वजन अडीचशे ग्रॅमच्या आत, त्यामुळे लायसन्सची भानगड नाही. दोन, सिग्नल गेलाच तर घाबरायचं नाही. जिथून उडाला तिथेच तो आपला आपण परत येऊन उतरतो. हे ऐकून मी भारावूनच गेलो. न सांगता वेळेवर घरी येणारं असं आमच्या घरात कुणीच नाही. आणि तिसरी गोष्ट... तिसरी मी ऐकली नाही. कारण तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या कदमांचा फोन आला.

कदमांचा फोन म्हणजे एकच विषय. पाणी. "सेक्रेटरी, पाणी सोडलं का?" "सेक्रेटरी, पाणी कधी सोडणार?" "सेक्रेटरी, पाणी गेलं का?" दिवसातून तीन वेळा. औषधाच्या गोळ्या चुकतील, कदम चुकणार नाहीत.

शनिवारी सकाळी मी खाडीकडच्या मैदानात जाऊन प्रॅक्टिस केली. नारळाच्या झाडाएवढा वर नेला, खाली आणला. एकदम मस्त! मी स्वतःवर इतका खूश झालो, की तिथूनच ग्रुपवर नोटीस टाकली. 'उद्या रविवारी सकाळी दहा वाजता सर्व सभासदांनी गच्चीवर हजर राहावे. विषय : खाडी. बटाटेवडे व चहाची सोय केली आहे.'

शेवटचं वाक्य टाकलं नसतं तर मी, बाई आणि धुरी एवढेच असतो. ते टाकलं म्हणून सोळाच्या सोळा घरं वर आली.

आता आमच्याकडे एक पद्धत आहे. सोसायटीत कुठलीही नवी वस्तू आली की आधी तिची पूजा. पंपाची झाली, इन्व्हर्टरची झाली. सीसीटीव्ही आला तेव्हा त्याचीही झाली. त्या वेळी उत्साहाच्या भरात कुणीतरी कॅमेऱ्याच्या काचेलाच कुंकू लावलं आणि पुढे महिनाभर आमच्या जिन्यातून सगळी माणसं लालबुंद होऊन जाताना दिसत होती.

तर गच्चीच्या मोकळ्या भागात पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, पाटावर ड्रोन ठेवला. मंगलने कुंकू कालवलं. नारळ धुरींनी फोडला, कारण खोबरं धुरी नेतात. मंगल बोट बुडवून ड्रोनपाशी गेली आणि मी ओरडलो, "थांब! कॅमेऱ्याला नको! मागचं लक्षात आहे ना?"

सगळे माझ्याकडे कौतुकाने बघायला लागले. बघा, किती विचार करतो सेक्रेटरी!

"मग कुठे लावू?" मंगल म्हणाली.

मी मोठ्या झोकात ड्रोन उचलला, उलटा केला. पोटाला दोन छान गोल काळे ठिपके होते. जणू कंपनीने कुंकवासाठीच जागा सोडलेली. "इथे लाव," मी म्हटलं. "दोन्हीकडे लाव. आणि भरपूर लाव."

तिने भरपूर लावलं.

ते ठिपके म्हणजे त्याचे खालचे डोळे होते. उतरताना खाली जमीन आहे, टेबल आहे की माणूस आहे, ते त्याला तिथून दिसतं. दुकानदाराने सांगितलेली तिसरी गोष्ट ती. अर्थात हे मला नंतर कळलं. ड्रोन सुरू केल्यावर स्क्रीनवर एक पिवळी पट्टी आली होती, त्यात इंग्रजीत बरंच काही लिहिलेलं. मी ती बोटाने बाजूला सारली. अकरा वर्षं मी नोटिसा लावतोय आणि अकरा वर्षं एकही माणूस त्या वाचत नाही. मग मीच का वाचू?

ड्रोन उडाला. टाळ्या पडल्या. बाईंना तिसऱ्या मजल्यावरून दोघांनी हात धरून वर आणलेलं, त्या खुर्चीत ताठ बसून बघत होत्या.

फोन रिमोटला लावलेला. बाईंनी तो डोळ्यांजवळ धरायला लावला. "विनायका, उन्हात मला काहीच दिसत नाही रे. नुसतं माझंच तोंड दिसतंय."

"चला, शेडमध्ये चला," मी म्हटलं. आमच्या अर्ध्या गच्चीवर पत्र्याची शेड आहे. ती कोणी बांधली, कोणाला विचारून बांधली, हे आत्ता विचारू नका. बाईंची खुर्ची शेडमध्ये नेली, मागोमाग सगळे सावलीत शिरले. मी शेडच्या तोंडाशी, निम्मा उन्हात, निम्मा पत्र्याखाली उभा राहून ड्रोन वर चढवायला लागलो.

एक मजला म्हणजे दहा फूट. बारा मजले म्हणजे एकशेवीस फूट. कॅमेरा अजून खाली, आमच्याच गच्चीकडे कललेला, आणि बाई खुर्चीतून मान लांब करून स्क्रीन बघत होत्या. स्क्रीनवर उंचीचा आकडा येत होता. तीस. चाळीस. पन्नास. मी प्रत्येक आकडा मोठ्याने म्हणत होतो. "चौथा मजला! पाचवा मजला!"

धुरी माझ्या खांद्यावरून बघत होते. "सेक्रेटरी," ते हळूच म्हणाले, "समोरची ती धा माळ्यांची बिल्डिंग. तिची टाकी आपल्या पाचव्या माळ्यावरून खाली कशी दिसता?"

"अँगल आहे तो," मी म्हटलं.

तुम्ही मला सांगा, तिथे एक क्षण थांबून विचार करायला काय हरकत होती? काही नाही. पण चार वर्षं ज्या सहीसाठी जिने चढलो, ती सही दहा पावलांवर दिसत असताना विचार कोण करतो? मी म्हटलं अँगल, धुरीही म्हणाले अँगल असेल. बाकीच्यांना वडे कधी येणार याची चिंता होती.

शंभर. एकशेदहा. एकशेवीस. "बारावा मजला!" मी ओरडलो आणि ड्रोन थांबवला, कॅमेरा वर करून तोंड खाडीकडे वळवलं. फोन बाईंपुढे धरायला दोन पावलं आत गेलो, पूर्ण पत्र्याखाली.

आणि काय सांगू, खाडी! नुसती बोटभर नाही, अख्खी खाडी! वळण घेऊन जाणारी, मध्ये माणकोलीचा पूल, पलीकडे हिरवी झाडी, पाण्यावर एक होडीसुद्धा. शेडमधले सगळे पुढे वाकले. बाईंनी फोन दोन्ही हातांनी धरला. अगदी नाकाशी नेला.

"हे तर रेतीबंदराच्या बाजूचं वळण," शेवटी म्हणाल्या. "सर म्हणायचे, भरती आली की खाडी इथे जाड होते." त्यांनी चष्मा काढला आणि पदराने डोळे पुसले. खोटं कशाला बोलू, मला वाटलं, अकरा वर्षांत एक काम तरी धड केलं.

"बघा बाई, कसा स्थिर उभा आहे," मी म्हटलं. "जराही हलत नाही."

"होडीसुद्धा हलत नाहीये," मंगल म्हणाली.

"होडी नांगरलेली असेल."

"आणि सगळं काळंपांढरं का झालं?"

"ढग आला असेल."

ढग कसला डोंबलाचा! पत्र्याखाली शिरल्यावर रिमोटचा सिग्नल गेलेला. आम्ही सगळे जे बघत होतो ते शेवटचं अडकून राहिलेलं चित्र होतं. ड्रोन बिचारा दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे कधीच घरी यायला निघालेला. स्क्रीनवर तसं लिहूनही आलं असेल. पण ते दिसायच्या आत फोन वाजला आणि सगळी स्क्रीन कदमांच्या नावाने भरून गेली.

"सेक्रेटरी, पाणी कधी सोडणार?"

"कदम, तुम्ही कुठे आहात?"

"तुमच्या मागे. शेडमध्येच आहे. पण दहा वाजून गेले ना!"

बाईंनी फोनवरून मान वर केली. "विनायका," त्या म्हणाल्या, "आण तो कागद."

अहो, ते चार शब्द! पंधरा घरांनी एकदम श्वास सोडला. संमतीपत्र बाहेर टेबलावर तयार ठेवलेलं. एव्हाना वडे आलेले, आणि आमची गच्ची चारही बाजूंनी उतरती, सपाट जागा एकच, जिथे पूजेचा पाट होता ती. म्हणून धुरींनी पाट उचलून बाजूला ठेवला आणि तिथेच फोल्डिंगचं टेबल लावलं. टेबलावर वड्यांचं ताट, शेजारी स्टॅम्पपेपरवरचं संमतीपत्र. वाऱ्याने उडू नये म्हणून त्याच्यावर चटणीचं पातेलं ठेवलेलं. हिरवी चटणी. सोळा घरांना पुरेल एवढी.

बाई उठल्या. धुरी पेन घेऊन पुढे. मी एका हाताने बाईंना धरलेलं, दुसऱ्या हातात रिमोट. शेडच्या बाहेर पाऊल टाकलं आणि वरून आवाज आला. घूंऽऽऽ.

सगळ्यांनी माना वर केल्या. आमचा ड्रोन सरळ खाली येत होता. इतका शहाण्यासारखा येत होता म्हणून सांगू!

"बघा बाई!" मी म्हटलं. "न बोलावता आला. जिथून उडाला तिथेच उतरणार. पाटावर!"

सगळ्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

"पण पाट खंय आसा?" धुरी म्हणाले. मग त्यांनी टेबलाकडे बघितलं. मग मी टेबलाकडे बघितलं. एकट्या ड्रोननेच बघितलं नाही, त्याच्या डोळ्यांत कुंकू होतं.

मी बाईंना मंगलकडे सोपवलं, म्हटलं घाबरू नका, आता सिग्नल आलाय, वर नेतो त्याला. स्क्रीनवर कदम अजून चालूच होते, "हॅलो, हॅलो, पाण्याचं काय?" म्हणून. मी स्क्रीनकडे न बघता रिमोटची काडी धरली आणि सगळ्या ताकदीने स्वतःकडे ओढली.

आता इथे तुम्हाला एक सांगायला हवं. लहानपणी मी आमच्या गल्लीत पतंग उडवायचो, आणि चांगला उडवायचो. पतंग खाली यायला लागला की काय करायचं? मांजा स्वतःकडे ओढायचा. ओढला की पतंग वर जातो. चाळीस वर्षांपूर्वी हाताला लागलेली सवय. मेंदूला विचारायला वेळच नव्हता, हाताने परस्पर निर्णय घेतला.

ड्रोनमध्ये काडी स्वतःकडे ओढली की तो खाली जातो. आणि जेवढी जोरात ओढाल तेवढा जोरात जातो.

तो चटणीच्या पातेल्यात गेला. चारही पाती फिरत असताना गेला. पुढचं वर्णन मी करणार नाही. मिक्सरचं झाकण उडाल्यावर स्वयंपाकघराचं जे होतं, ते आमच्या गच्चीचं झालं. धुरी हिरवे झाले, वडे हिरवे झाले, पातेलं पालथं झालं आणि संमतीपत्र त्याच्याखाली गेलं. बाई पाच पावलं मागे होत्या म्हणून वाचल्या. त्यांच्या पदरावर एकच थेंब उडालेला. तो त्यांनी बोटाने टिपून जिभेला लावला आणि म्हणाल्या, "मीठ कमी आहे."

मग त्या मंगलचा हात धरून खाली निघून गेल्या. सही राहिली.

माझ्यामागे कदम उभे होते, फोन कानालाच. "म्हणजे आता गच्ची धुवायला पाणी लागणार," ते म्हणाले, एकदा मागून थेट माझ्या कानात आणि दुसऱ्यांदा रिमोटवरच्या फोनमधून.

संध्याकाळी मी घरी बसून जुन्या टूथब्रशने ड्रोनच्या फटींतली कोथिंबीर काढत होतो. त्याचा एक हात तुटलेला, दोन पाती गायब. म्हटलं निदान खाडीचं ते चित्र कुठे राहिलंय का बघू, बाईंना छापून देऊ. फोनमध्ये त्या उड्डाणाची नोंद सापडली. किती वेळ उडाला, किती लांब गेला, किती उंच गेला. उंचीपुढे लिहिलेलं, एकशेवीस. आणि त्याच्यापुढे एक छोटासा एम.

मी टूथब्रश खाली ठेवला.

"मंगल," मी हाक मारली, "इंग्रजीत फुटाला एम लिहितात का गं?"

मंगल आतून येऊन बघून गेली. "अहो, मीटर आहेत ते."

अकरा वर्षं सेक्रेटरी, त्यातली चार वर्षं रीडेव्हलपमेंट. कार्पेट किती फूट, बिल्टअप किती फूट, रस्ता किती फुटी, माझ्या डोक्यात फुटाशिवाय दुसरं काही राहिलंच नव्हतं. आकडा दिसला की मी तो फुटात वाचतो. झोपेतही फुटात वाचतो. एकशेवीस मीटर म्हणजे जवळजवळ चारशे फूट. म्हणजे चाळिसावा मजला, आणि गच्चीची स्वतःची उंची तर मी धरलीच नव्हती! बारा मजल्यांच्या बिल्डिंगमधल्या बाईला मी चाळिसाव्या मजल्यावरची खाडी दाखवलेली. आणि ती खाडी बघून बाई रडलेल्या. आता हसू नका, खरंच नका हसू. त्या रात्री मी जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी धुरी पंधरा सह्या पुन्हा घेतलेलं नवीन संमतीपत्र घेऊन आले. कानात अजून थोडी चटणी होती. मी त्यांना सगळं सांगितलं.

"तू गप रव," धुरी म्हणाले. "बाईंनी खाडी बघल्यानी, बाईंका आवडली, विषय संपलो. पंधरा घरां तुझ्या तोंडाकडे बघतत."

ते खोटं नव्हतं. धुरींच्या बायकोचे गुडघे गेलेले, लिफ्टसाठी ती दिवस मोजत होती. कदमांना चोवीस तास पाणी हवं होतं. मलाही सुटायचं होतं हो! एकदाची बिल्डिंग पडली की सेक्रेटरी कुणाचा राहणार? दोन दिवस तो कागद माझ्या ड्रॉवरमध्ये होता. दोन दिवस मी बाईंच्या दारापुढून बोटांवर चालत गेलो.

शेवटी मंगल म्हणाली, "सांगून टाका. उद्या बाई त्या नव्या घरात जातील, गॅलरीत खुर्ची टाकतील आणि समोर दुसऱ्याच्या पाण्याच्या टाक्या. तुम्हाला काय, तुम्ही लिफ्टमध्ये भेटलात की मान खाली घालाल. पण त्यांनी कुठे बघायचं?"

मी शर्ट खोचला आणि वर गेलो.

बाईंनी दार उघडलं, बसवलं, पाणी दिलं. मी कागद मांडीवर ठेवला आणि म्हटलं, "बाई, माझी चूक झाली. ते एकशेवीस फूट नव्हते. मीटर होते."

"बरं," बाई म्हणाल्या.

"म्हणजे तो बारावा मजला नव्हता, चाळिसावा होता. बाराव्यावरून खाडी बहुतेक दिसणार नाही. मध्ये सगळ्या बिल्डिंगा येतात. मी तुम्हाला फसवलं नाही हो, मी स्वतःच..." 

"मला तेव्हाच कळलं," बाई शांतपणे म्हणाल्या. "मी म्हातारी झालेय विनायका, आंधळी नाही झालेले."

"मग... मग सही करायला का उठलात?"

बाई गॅलरीकडे वळल्या. "खाडी दिसली रे. वीस वर्षांनी दिसली. तू सांगायला आलास ते मला फार आवडलं. नसता आलास तर मला वाईट वाटलं असतं. पण आता ती रोज दिसायलाच हवी असा हट्ट नाही माझा. आण इकडे तो कागद."

माझा विश्वास बसेना. मी पेन पुढे केलं.  बाईंनी चष्मा लावला, कागद वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला, वळणदार अक्षरात सही केली. मग सहीपुढे 'शेरा' म्हणून एक रकाना होता, त्यात काहीतरी लिहायला लागल्या. पंधरा घरांनी तो रकाना कोरा सोडलेला. पण बाई शिक्षिका ना! त्यांनी बराच वेळ लिहिलं.

मी खाली आलो तो उड्याच मारत. दारातूनच ओरडलो, "मंगल, झाली सही! चार वर्षांनी! खाडीची पण अट नाही! मी खरं बोललो म्हणून झाली!"

"शाब्बास," मंगल म्हणाली. "आणि शेरा काय लिहिलाय?"

मी कागद तिच्यापुढे धरला. तिने वाचला, मग पदर तोंडाला लावला आणि स्वयंपाकघरात निघून गेली. मग मी वाचला.

'ड्रोन वर जात असताना आपल्या इमारतीची गच्ची आयुष्यात प्रथमच वरून पाहिली. सेक्रेटरींनी माझ्या डोक्यावर दरवर्षी केलेले वॉटरप्रूफिंगचे काम प्रत्यक्ष पाहून इमारत त्वरित पाडण्यास माझी पूर्ण संमती आहे.'

बिल्डरला शंभर टक्के संमतीचा पुरावा लागतो, आणि त्याची एक प्रत प्रत्येक सभासदाला द्यावी लागते. त्या कागदाच्या सोळा झेरॉक्स मीच काढल्या, सही-शिक्का मीच मारला आणि घरोघरी जाऊन मीच वाटल्या.